नाव नंतर कळवण्यात येईल

मर्सर फॉल्सच्या हेरॉन्स संघाच्या बाहेरच्या मैदानात तीन माणसं उभी असतात, ही बाब डिसेंबरातल्या आढावा बैठकीत प्रथमच व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली. डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक. बेसबॉल सुरू झाल्यापासून ही माणसं तिथंच उभी आहेत. चेंडू लांब उडाला की धावतात, झेलतात, आणि मधल्या वेळात सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं थुंकतात. पण ती तिथं का उभी आहेत, त्यांना पर्याय कोणते, आणि मुळात त्यांची गरज किती, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आजवर कुणी केलेला नव्हता.

अभ्यासाला निमित्त झालं ते क्लेम रुडनिकचं. क्लेम हा संघाचा मॅनेजर, म्हणजे पोट सुटलं तरी खेळाडूंचाच गणवेश चढवून मैदानाकडेच्या डगआउटमध्ये बसणारा आणि हरल्यावर पत्रकारांपुढे उभा राहणारा माणूस. उजवीकडच्या आमच्या म्हाताऱ्या खेळाडूचा गुडघा कामातून गेला होता आणि तो मासे पकडायला कायमचा मिशिगनला निघून गेला होता. म्हणून क्लेमने बैठकीत एकच मागणी केली.

"मला उजवीकडे उभा राहील असा एक माणूस द्या. दोन पाय, एक हातमोजा. बाकीचं माझं मी बघतो."

मागणी इतकी सरळ होती की तिच्यावर समिती नेमणं भागच पडलं.

समितीचे अध्यक्ष झाले सरव्यवस्थापक प्रेस्टन एल्डरिज. वय कोवळं, दात पांढरेशुभ्र. आधी ते एका विमा कंपनीत वादळांचे अंदाज बांधत. वादळ आलं नाही तर कंपनीचा फायदा आणि आलं तर अंदाज खरा, त्यामुळे त्यांची नोकरी कधी धोक्यात आली नव्हती. त्यांच्या मदतीला होत्या डॉ. मेरेडिथ फॉस. त्यांनी नदीतल्या माशांच्या स्थलांतरावर डॉक्टरेट मिळवली होती आणि मासे काय, खेळाडू काय, प्रवाहाशिवाय दोघांचाही विचार करता येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. दोघांनी मिळून हिवाळाभर खपून 'समग्र आउटफील्ड मूल्यमापन प्रणाली' उभी केली. फेब्रुवारीत तिचं सादरीकरण झालं. क्लेमलाही बोलावलं होतं, कारण खुर्ची रिकामी दिसली असती.

प्रणालीचं तत्त्व सोपं होतं. प्रत्येक खेळाडूचे दोष तिला सांगायचे: सुटलेले झेल, दुखापती, वय, पगार, पंचांशी घातलेली हुज्जत. ज्याचे दोष कमी, त्याचा नंबर वर. डॉ. फॉसनी बटण दाबलं. भिंतीवर नावं उमटली. सगळ्यांत वरच्या ओळीत नावच नव्हतं.

"हा कोण?" एल्डरिजनी विचारलं.

"ती... रिकामी ओळ आहे," डॉ. फॉस जरा ओशाळल्या. "चाचणीसाठी ठेवली होती. काढायची राहिली."

"याचे सुटलेले झेल?"

"एकही नाही."

"दुखापती?"

"कधीच नाही."

"वय?"

"अजून सुरू झालेलं नाही."

एल्डरिज खुर्चीत ताठ बसले. "मेरेडिथ, हा माणूस मोकळा आहे का?"

"अहो, माणूस कुठला?" क्लेम ओरडला. "ओळ आहे ती!"

"क्लेम," एल्डरिज समजुतीच्या सुरात म्हणाले, "प्रत्येक मोठा खेळाडू सुरुवातीला नुसती ओळच असतो. फरक एवढाच, की आपल्याला तो वेळेवर सापडलाय."

क्लेमने डॉ. फॉसकडे पाहिलं. त्या शहाण्या बाई होत्या, चूक त्यांची होती, आणि ती मान्य करायला त्या निघाल्याही होत्या. पण सरव्यवस्थापकांना आवडलेली चूक ही चूक राहत नाही, तिला दिशा म्हणतात. बाईंनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

आता हे असलं खूळ दुसऱ्या एखाद्या खेळात खोलीतच मेलं असतं. पण बेसबॉलमध्ये एक जुनी, मान्यताप्राप्त रीत आहे. दोन संघांत खेळाडूंची अदलाबदल होते तेव्हा एकाने हाडामांसाचा खेळाडू आज द्यायचा आणि दुसऱ्याने मोबदल्यात 'नाव नंतर कळवण्यात येईल असा एक खेळाडू' द्यायचा. नाव सहा महिन्यांच्या आत कळवलं की झालं. साखरपुडा आज उरकून नवरा मुलगा दिवाळीला दाखवावा तसला हा प्रकार आहे, पण आमच्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या आजोबांच्या काळापासून असंच चालत आलंय.

एल्डरिजनी ही रीत आणि ती ओळ शेजारी शेजारी ठेवली. साल्ट क्रीकचा संघ असा एक विनानावाचा खेळाडू द्यायला एका पायावर तयार होता. मोबदल्यात त्यांना हवा होता आमचा मधला माणूस, अमोस टिलरी.

अमोसविषयी सांगायचं तर त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नसायचं, हीच त्याची खुबी होती. बॅटचा आवाज आपल्या कानावर पडायच्या आधी तो निघालेला असे. चेंडू खाली येई तेव्हा हा पठ्ठ्या आधीच तिथं, बस थांब्यावर उभं राहावं तसा. कधी सूर मारला नाही, कधी गवतात लोळला नाही, त्यामुळे त्याला टाळ्याही पडल्या नाहीत. शिवाय तो सगळीकडे पोचत असे. जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर सुटलेला झेल लागत नाही. अमोस पोचायचा, म्हणून अधूनमधून लागायचा. प्रणालीने हे बरोबर पकडलं.

क्लेमने या अमोसला अलाबामातल्या एका खडकाळ मैदानावरून पोरसवदा असताना उचलून आणलं होतं. पुढे त्याने इथंच घर घेतलं. बायको लोरेन शाळेत गाणं शिकवायला लागली, पोरगी त्याच शाळेत जाऊ लागली. "पोरा, तू याच गवतावर म्हातारा होणार," असा शब्द क्लेमने त्याला दिला होता. मॅनेजरच्या शब्दाला करारात जागा नसते, पण क्लेमच्या छातीत होती.

"अमोसला हात लावायचा नाही," क्लेम म्हणाला. "मी उजवीकडचा माणूस मागितला होता. तुम्ही मधला काढताय!"

"भावना समजू शकतो," एल्डरिज म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं की समोरच्याचं काम झालेलं नसे.

मार्चमध्ये फ्लोरिडात सराव शिबिर चालू असताना व्यवहार जाहीर झाला. अमोसला सांगायचं काम अर्थातच क्लेमकडे आलं. अमोस कुंपणाजवळ बुटाच्या नाड्या बांधत होता.

"कुठं?" त्याने विचारलं.

"साल्ट क्रीक."

"पोरीची शाळा आहे, स्किप." खेळाडू क्लेमला स्किप म्हणत. "लोरेनच्या मुलांचा मे महिन्यात कार्यक्रम आहे."

"माहीत आहे रे बाबा."

"माझ्या बदल्यात येतंय कोण?"

क्लेमने टोपी काढली, परत घातली. "अजून कुणी नाही."

"आणि हा कुणी नाही माझ्यापेक्षा चांगला खेळतो?"

"कागदावर."

अमोस हसला. मग त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, कारण बूट घालूनच जायचं होतं. "मी तुला परत आणीन," क्लेम म्हणाला. "ऐकतोयस का? हे खूळ ओसरू दे. तू घर विकू नकोस. मी तुला परत आणतोच." अमोसने घर विकलं नाही. लोरेन आणि पोरगी तिथंच राहिल्या आणि तो एकटाच साल्ट क्रीकला गेला.

क्लेम तडक एल्डरिजकडे गेला. "बरं, मधला गेला. आता उजवीकडचा तरी द्या."

यावर डॉ. फॉसनी नव्या खेळाडूचा आवाका तपासला. तो किती लांब धावू शकतो याला प्रणालीत कुठलीही मर्यादा नोंदलेली नव्हती. ज्याच्या धावेला मर्यादा नाही तो उजवीकडचाही चेंडू घेणार हे ओघानेच आलं. उजवीकडच्या माणसाची गरज संपुष्टात आल्याचं क्लेमला लेखी कळवण्यात आलं. आठवड्याभराने त्याच न्यायाने डावीकडचा खेळाडूही अतिरिक्त ठरला, आणि त्याला चेंडू टाकणारे दोन पिचर आणि एक गवत कापायचं यंत्र यांच्या बदल्यात दुसऱ्या संघाला देण्यात आलं. यंत्र चांगलं होतं. त्याविषयी माझी तक्रार नाही.

आता नियमाप्रमाणे मैदानात नऊ जण उभे नसतील तर पंच खेळ सुरू करत नाहीत. व्यवस्थापनाला हा नियम जुनाट वाटला, पण त्यांनी तो पाळला. आतल्या मैदानातली दोन राखीव पोरं कडेला उभी केली आणि मध्ये उभा केला मूस हॅगर्टी. मूस हा तिसऱ्या क्रमांकाचा कॅचर. जन्मभर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला. त्याला पाठीमागे धावता येतं की नाही हे पाहायची वेळ कुणावर आली नव्हती. तिघांचं अधिकृत पद होतं 'तात्पुरता जागाधारक'. त्यांच्या शर्टावर नाव नव्हतं, कारण लोकांचा गैरसमज व्हायला नको.

पहिल्याच सामन्यात मूसच्या डोक्यावरून इतके चेंडू गेले की शेवटी त्याने मागे वळणं सोडून दिलं. आम्ही सडकून हरलो. क्लेम पत्रकारांपुढे मान खाली घालून आला, आता आपली धिंड निघणार याची मनाची तयारी करूनच आला. पहिला प्रश्न आला:

"क्लेम, तो आला असता तर निकाल वेगळा लागला असता, असं तुम्हाला वाटतं का?"

"कोण तो?"

पत्रकार हसले. क्लेम मुरलेला माणूस आहे, पत्ते उघडे करत नाही, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं.

मग काय विचारता! गावाने त्याला डोक्यावरच घेतलं. 'नाव नंतर कळवण्यात येईल असा खेळाडू' हे तोंडात मावेना, म्हणून लोक त्याला लाडाने नंतऱ्या म्हणायला लागले. आम्ही हरलो की म्हणायचं, नंतऱ्या येऊ दे, मग बघा. चुकून जिंकलो की म्हणायचं, हे नंतऱ्याशिवाय, विचार करा! पाठीवर काहीच न छापलेले शर्ट छापलेल्या शर्टांपेक्षा महाग विकले गेले. खेळाडूंच्या मान हलवणाऱ्या बाहुल्या स्टेडियमवर फुकट वाटायच्या दिवशी लोकांना बिनचेहऱ्याची बाहुली मिळाली आणि चेहरा नंतर टपालाने येईल अशी चिठ्ठी. पहाटेपासून रांग होती. मी स्वतः दोन आणल्या.

रेडिओवर रोज संध्याकाळी त्याच्यावर चर्चा रंगे. तो डावखुरा असावा की उजवा, यावरून दोन सख्ख्या भावांनी फोनवरच एकमेकांची आईबापं काढली. तो कॉलेजात असताना आपण त्याला पाहिलंय असं सांगणारी माणसं गावात दर आठवड्याला वाढत होती. एक गृहस्थ मात्र परखड होते. त्यांनी फोन करून सांगितलं की अलीकडे नंतऱ्याचा पूर्वीचा खेळ राहिलेला नाही. त्यांना दुकानदारांनी सामान देणं बंद केलं.

क्लेम रोज सकाळी अंडी आणि बटाटे खायला डॉटीच्या खानावळीत जायचा. डॉटी त्याला तीस वर्षं कॉफी ओतत आली होती, पण आता तिचा हात जरा आखडला होता.

"क्लेम, तुझं म्हणे त्याच्याशी पटत नाही?"

"कुणाशी पटत नाही, डॉटी? तो कुठं आहे?"

"हेच ते! तुझं हे असं बोलणं. त्या बिचाऱ्याच्या कानावर जात असेल ना? म्हणून येत नसेल तो."

"अगं, तिथं अमोस उभा होता. आठवतंय का? त्या बाकावर बसून तुझी चेरीची पेस्ट्री खायचा. मोसमानुमोसम उभा होता."

"होता की. चांगला होता पोरगा," डॉटी म्हणाली आणि फडक्याने टेबल पुसलं. "पण त्या वर्षी क्लीव्हलँडवाल्यांच्या विरुद्ध सोडला की त्याने झेल. मी काही विसरले नाही."

"एक झेल!"

"नंतऱ्याने एक तरी सोडलाय का सांग."

क्लेमने पैसे टेबलावर ठेवले आणि बटाटे तसेच टाकून उठला.

जूनमध्ये एक अनर्थ घडला. मूस हॅगर्टीने झेल घेतला. तोही साधासुधा नव्हे. उलटा धावत, जिभेचं टोक बाहेर, कुंपणावर आदळून, चेंडू हातमोज्यात. सगळं स्टँड गप्प झालं. नंतऱ्याच्या जागेवर दुसऱ्या कुणी असं करून दाखवणं लोकांना बरं दिसलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "आपली पायरी ओळख!" दुसऱ्या दिवशी मूसला कार्यालयातून समज मिळाली: जागाधारकाने जागा धरावी, भरू नये. मूस भला माणूस. त्याने पुन्हा असं केलं नाही.

जुलैत देशभरातल्या प्रेक्षकांच्या मतांनी सर्वोत्तम खेळाडूंचा संघ निवडला जातो. नंतऱ्या मध्यभागी निवडून आला. सामन्याला तो आला नाही, यावरून त्याला प्रसिद्धीचा सोस नाही हे सिद्ध झालं आणि आमच्या पाद्रीबुवांनी रविवारी त्यावर प्रवचन दिलं. संघ तेव्हा तळाला होता. स्टेडियम मात्र ओसंडून वाहत होतं. मालकांनी एल्डरिजचा करार वाढवून दिला.

या सगळ्या वेडात क्लेम एकटा शुद्धीवर होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दर रविवारी तो लोरेन टिलरीच्या घरासमोरचं गवत कापून द्यायचा आणि म्हणायचा, "आणतो त्याला परत." साल्ट क्रीकने अमोसला मोठ्या संघातून खेळवलंच नव्हतं. धाकट्या संघात बसवून ठेवलं होतं, कारण मध्यभागी त्यांनाही दुसऱ्या कुठल्यातरी संघाकडून एक नाव यायचं होतं. क्लेम फोनवर त्याला सांगे, "पोरा, दम धर. सप्टेंबरात यांना नाव सांगावंच लागेल. एकदा नाव आलं की भूत उतरतं."

सप्टेंबर आला. सहा महिने भरत आले आणि साल्ट क्रीकने कळवलेलं नाव एल्डरिजच्या हातात पडलं. करार असा होता की त्यांनी त्यांच्याकडच्या धाकट्या संघातला कुणीही एक द्यायचा. त्यांनी सगळ्यांत निरुपयोगी वाटला तो दिला. अमोस टिलरी. बेसबॉलमध्ये हेही बसतं. माणूस स्वतःच्याच मोबदल्यात परत येऊ शकतो.

क्लेमला हे कळलं तेव्हा तो डगआउटमध्ये बसून अक्षरशः रडला. "देव आहे," तो मूसला म्हणाला. "प्रणालीच्या वर देव आहे."

नाव जाहीर करायचा सोहळा शनिवारी दुपारी ठेवला. मैदानाच्या मध्यभागी निळा मखमली पडदा, शाळेचा बँड, स्टँडमध्ये मुंगीला जागा नाही. बायका मुलांना कडेवर घेऊन आल्या होत्या, पुढे सांगता यावं म्हणून. एल्डरिजनी भविष्य या विषयावर भाषण केलं. दोरी ओढली. पडदा बाजूला झाला आणि हातमोजा काखेत धरून अमोस उभा दिसला.

"हा तर अमोस आहे," माझ्या शेजारचा म्हणाला.

"त्याच्या मागे असेल," मी म्हणालो. मी खरंच तसं म्हणालो.

मागे कुणी नव्हतं. आधी कुजबुज झाली, मग वरच्या स्टँडमधून हुर्यो सुरू झाली आणि खालीपर्यंत आली. डॉटी ओढणीएवढा रुमाल तोंडाला लावून हुंदके देत होती, घरातलं कुणी गेल्यासारखी. अमोसने टोपी काढून एकदा सगळीकडे पाहिलं आणि धावत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. तिथलं गवत त्याला पायांनी माहीत होतं.

सामना सुरू झाला. लांब उडालेला पहिला चेंडू अमोसने थांब्यावर उभ्या असलेल्या माणसासारखा घेतला. "नंतऱ्या याच्याआधी पोचला असता," कुणीतरी म्हणालं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. बऱ्याच दिवसांनी आम्ही पुढे होतो. क्लेम कठड्याला धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी लांबूनही पाहू शकत होतो.

आठव्या डावात ऊन तिरपं झालं. समोरच्यांची दोन माणसं तळांवर, म्हणजे बेसवर, असताना चेंडू उंच उडाला, अगदी सरळ अमोसकडे. अमोसने डोळ्यांवर हात धरला. चेंडू उन्हात शिरला आणि उन्हातून बाहेर आला तो त्याच्या हातमोज्याच्या वीतभर पलीकडे. दोन्ही माणसं धावून शेवटच्या तळावर पोचली आणि त्यांच्या दोन धावा झाल्या. आम्ही एका धावेने हरलो.

संध्याकाळी एल्डरिजनी क्लेमला बोलावून घेतलं. डॉ. फॉसही होत्या. बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर अमोस बसला होता. शेजारी लोरेन होती. साल्ट क्रीकहून आलेल्या त्याच्या पेट्या गाडीतच होत्या, उतरवायच्या की नाहीत ते विचारायला दोघं आले होते.

"क्लेम, थेट मुद्द्यावर येतो," एल्डरिज म्हणाले. "साल्ट क्रीकचा फोन होता. त्यांचं ते दुसरं नाव काही आलं नाही, म्हणून ते अमोसला परत घ्यायला तयार आहेत. बदल्यात एक खेळाडू देतील. नाव नंतर. पण या वेळी मी तुमच्यावर काही लादणार नाही. वर्षभर तुम्ही म्हणालात ना, मला कुणी विचारत नाही? विचारतोय. हवा असेल तर अमोस तुमचा. तुम्ही म्हणाल ते."

क्लेमने बोलायला तोंड उघडलं. हिवाळ्यापासून तो जे बोलत आला होता ते त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. काचेच्या दारातून त्याला अमोसची पाठ दिसत होती. ती पाठ त्याने पोरसवदा असल्यापासून पाहिली होती.

"तो चेंडू..." क्लेम म्हणाला.

"हो," एल्डरिज हळहळले. "सरळ हातात येत होता."

"ऊन होतं."

"ऊन तर होतंच."

क्लेम थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग आवाज खाली आणून त्याने डॉ. फॉसना विचारलं, "बाई, हा जो नवा येणार म्हणतात... त्याच्या डोळ्यांवर ऊन आलं तर त्याचं कसं आहे?"

डॉ. फॉसनी प्रणाली उघडून पाहिलं. त्या खोटं कधी बोलत नसत. "आतापर्यंत एकदाही अडचण आलेली नाही."

क्लेम उठला. दार ढकलून बाहेर गेला आणि अमोसच्या समोर उभा राहिला. अमोस आणि लोरेन दोघंही बाकावरून उठले.

"पोरा," क्लेम म्हणाला, "पेट्या इतक्यात उतरवू नकोस."

लोरेनने क्लेमच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

तुम्ही असता तर अमोसला ठेवून घेतलं असतं, हे मला माहीत आहे. सगळेच सांगतात. डॉटी सांगते, पाद्रीबुवा सांगतात, मीही पुढच्या मोसमाच्या तिकिटांच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना तेच सांगत होतो. रांग फार मोठी होती, आणि माझ्या पुढे जो उभा होता तो सारखा मागे वळून विचारत होता की या वेळचा नंतऱ्या नक्की कधी येणार. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तुम्ही नव्हतात ना?